शेवंता आणि लक्ष्मी

कडेगावच्या कचेरीबाहेर एक वयस्कर टायपिस्ट बसतात. ते प्रतिज्ञापत्रं टाइप करतात, दोन बोटांनी, प्रत्येक शब्द पुटपुटत. दोन नावं एकाच माणसाची आहेत असं लिहायचं असलं, की खात्री पटेपर्यंत कळांना बोट लावत नाहीत.

परवा रांगेत माझ्यापुढे एका जवानाची म्हातारी विधवा होती. पलटणीच्या कागदावर तिचं माहेरचं नाव शेवंता, आधारवर सासरचं लक्ष्मी. त्यामुळे पेन्शन अडलेली.

"दोन्ही तुमीच?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पर शेवंता म्हणणारं आता कुणी ऱ्हायलं न्हाई."

ती पाणी प्यायला माठाकडे वळली, तशी त्यांनी हाक मारली, "शेवंता!"

"ओ! कोन हाय?" ती गर्रकन वळली.

"तीच हाय," असं मला म्हणून ते टाइप करू लागले. ती मात्र आमच्या पलीकडे, रस्त्यावर, हाक मारणारं माणूस शोधत होती.