तारेवरचे दोन मणी

अनिकेतनं मला विचारलंही नाही. स्टिकच्या टोकानं तारेवरचे दोन मणी माझ्या बाजूला सरकवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "राहू दे बे. तुमच्या लोकाइचं तं सगळं तारेवरूनच सुरू होते ना."

सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

वर्ध्यातलं पूल पार्लर. टेबलाच्या वर एक तार, तारेत मणी. एक गेम जिंकला की एक मणी आपल्या बाजूला. आधी पाच मणी ज्याचे, मॅच त्याची. नवख्याला सुरुवातीलाच दोन मणी फुकट मिळत. त्यांना तिथं 'तारेवरचे' म्हणत. मी गिरडकडून फार्मसी शिकायला आलो तेव्हा स्टिक कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. दोन मणी घेतले, त्यात लाज वाटली नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या सगळ्यांनीच घेतले होते.

महिन्याभरात त्यांचे सुटले. माझे राहिले.

मी गोंड. घरी गोंडी बोलतो. कॉलेजातला प्रवेश राखीव जागेवरचा. हे माझ्याच वर्गातल्या अनिकेतला ठाऊक होतं, आणि कोणाला किती मणी द्यायचे ते अनिकेत ठरवायचा, कारण टेबलं त्याच्या वडिलांनी घेऊन दिलेली. त्याच्या बंगल्यातही एक होतं. शाळेत असल्यापासून तो त्यावर खेळत आला होता. ते मणी कोणी मोजत नव्हतं.

संताप यायचा तो याचा, की सुटकाच नव्हती. जिंकलो तर तारेवर जिंकला. हरलो तर तारेवरचे घेऊनही हरला. त्यानं बॉल पॉकेटमध्ये घातला की शॉट, मी घातला की फ्लूक. जाणं बंद केलं असतं तर भित्रा. आणि त्या तारेवरून पडलेलं नाव तर कॉलेजातही पोचलं होतं. मेसमध्ये तारवाला. लॅबमध्ये तारवाला. एकदा तोंडी परीक्षेला खुद्द सरांनीच हाक मारली, "चला, तारवाले, या आता." मी गेलो. उत्तरं येत होती, तोंडातून निघेनात.

खोलीतला मित्र म्हणाला, "मजाक करून राह्यले ना बे, मनावर काऊन घेतो?" त्याचे मणी केव्हाच सुटले होते.

मग पार्लरची स्पर्धा आली. फायनल अनिकेतशी. पुन्हा दोन मणी माझ्याकडे सरकले. मी खेळत गेलो. तिसरा गेम जिंकला तेव्हा माझ्या बाजूला पाच मणी झाले, त्याच्याकडे एकच. त्यानं स्टिक ठेवून हात पुढे केला. "घे. जिंकला तू, तारेवर."

मी हात मिळवला नाही. दोन मणी परत ढकलले.

"हे दोन नाई पायजे मले. माये तीन, तुहा एक. खेळ आता."

"मॅच संपली. रूल आहे."

"खेळ ना."

"नाई खेळत."

त्याचे कान लाल झाले होते. तेव्हा मला कळलं. ते मणी माझ्यासाठी नव्हतेच. बरोबरीच्या खेळात माझ्याकडून हरायची वेळ त्याच्यावर येऊ नये, म्हणून होते. इतके दिवस मान खाली घालून मी त्याचीच सोय सांभाळत होतो. स्वतःचाच राग आला, आणि त्याचा त्याहून जास्त. स्पर्धेचा कप तिथंच टाकून निघालो.

परवा वर्षअखेरची तोंडी परीक्षा होती. सर दारात आले. "तारवाले, या."

मी बाकावरून उठलो नाही. "सर, नाव घ्या माझं."

मित्रानं कोपर मारलं. "ऊठ ना बे, साल जाईन तुह्यं."

सरांनी पुढच्याला आत बोलावलं. त्याला नावानं.

संध्याकाळपर्यंत बसून होतो. घरी काय सांगायचं ते सुचत नव्हतं. शिपाई खोलीला कुलूप लावून गेला.

वर्ष जाईल. जाऊ दे. पुढच्या वर्षी त्याच बाकावर येऊन बसेन, आणि नाव घेतल्याशिवाय उठणार नाही.