बुडखा काढणारा धर्मपाल

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी डॉक्टर, इंजिनियर आणि परदेशी गेलेली नातवंडं यांचीच चरित्रं छापून येतात. वाचून वाचून मी कंटाळले. यंदा धर्मपालवर लिहिते. संपादकांना जागा कमी पडली तर त्यांनी एखादा नातू वगळावा.

धर्मपाल बुडखे काढतो. झाड तोडायला माणसं ढीगभर मिळतात, पण तोडल्यावर जमिनीत जे उरतं त्याला कुणी हात लावत नाही. रायपूर राजधानी झालं आणि ज्याला त्याला घरात गाडी उभी करायची नाहीतर एक खोली वाढवायची घाई सुटली. झाडं गेली, बुडखे राहिले. मोकळ्या प्लॉटवर जेसीबी चालतो. पुरानी बस्तीच्या गल्लीतून, ओसरी आणि स्वयंपाकघर ओलांडून, मागच्या बाडीत, म्हणजे परसात, तो कसा नेणार? धर्मपालचं यंत्र अडीच फुटी दारातून जातं. पुढे ताटाएवढं लोखंडी चाक, त्याच्या कडेला दात. इंजिन चालू केलं की चाक बुडख्यावरून इकडून तिकडे खरवडत फिरतं आणि दोनेक तासांत लाकडाचा भुगा होतो.

त्याचं घर रायपूरच्याच गुढियारी वस्तीत. वडील भंडाऱ्याकडून वॅगन दुरुस्तीच्या कामाला आले ते इथलेच झाले. धर्मपाल अकरा वर्षं उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होता. तिथे तापलेल्या सळईवरची खपली उडाली आणि डावा डोळा गेला. मिल सुटली. नव्या राजधानीच्या कामावरच्या एका ठेकेदाराने हे यंत्र आणलं होतं आणि पट्टा तुटल्यावर कोपऱ्यात फेकून दिलं होतं. धर्मपालने ते मागून घेतलं, उघडलं, चालू केलं. तेव्हा त्याची बायको मीराबाई म्हणाली होती, "एक डोळा मिलले देल्ला, आता दुसरा या मशिनले देता का?"

तिचं म्हणणं उगाच नव्हतं. झाडाला खिळा ठोकला की झाड तो गिळून टाकतं. वरून साल येते आणि काही कळत नाही. फिरत्या चाकाला तो लागला की कुठे उडेल सांगता येत नाही. धर्मपाल चष्मा लावतो, वर जाळी बांधतो. पण चष्मा मिलमध्येही होता.

म्हणून काम सुरू करण्याआधी तो घरधन्याला विचारतो, झाडाला कोणी खिळा ठोकला होता का? उत्तर आलं तरी त्याला चैन पडत नाही. बुडख्याभोवती फेऱ्या मारतो, हातोडीने ठोकतो, कान लावतो, जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक फिरवतो. त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्ची दिली तर खुर्चीभोवती फिरेल असा माणूस.

दहा वर्षांपूर्वी तो आमच्याकडे आला. कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून मी धाकट्या भावाकडे, गंगाधरकडे राहते. बाडीत चिंचेचा बुडखा होता. दर पावसाळ्यात फुटायचा, मुळांनी न्हाणीघराची भिंत उचलली होती.

"काका, खिळा-गिळा ठोकला होता का?" धर्मपालने विचारलं.

"आमच्या घरात असली भानगड नाही," गंगाधर म्हणाला. "मी रेल्वेत गार्ड होतो, ताई कॉलेजात शिकवत होती. खिळे ठोकणारे लोक वेगळे."

"लोखंड असलं की लाकडावर काळा डाग येते. पण चिंच आतून काळीच असते. डाग दिसत नाही, म्हणून विचारून राहिलो."

"अरे नाही म्हटलं ना!"

मीही मान हलवली. मला तर खात्रीच होती.

"हव, बरं," धर्मपाल म्हणाला. "आणि कोणाले मले बोलवायचं असलं तर उजवीकडून या. डाव्या बाजूले मी नाही."

यंत्र धडधडायला लागलं. आंबूस वास सुटला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. माझी भावजय विनोदिनी तांदूळ निवडत होती. तेच तांदूळ तिने तिसऱ्यांदा सुपात ओतले. उठून मागच्या दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा उठली.

"काय गं, पोट दुखतं का?"

"नाही, ताई."

"मग एका जागी बस की!"

ती बसली. सूप तिने बाजूला सारलं. बाहेर चाक कडेचं लाकूड संपवून मधल्या भागाकडे वळलं.

"ताई, त्याले थांबवा."

"काहून?"

"खिळे आहेत त्यात. सात."

शेखर, तिचा मुलगा, दोन वर्षांचा असताना त्याला झटके यायचे. औषध चालूच होतं. पण एका अमावास्येला, गंगाधर गाडीवर आणि मी कॉलेजात असताना, तिने शेजारणीकडून बैगा, म्हणजे इकडचा मांत्रिक, आणवला. त्याने मंत्र म्हणत चिंचेच्या बुडाशी सात खिळे ठोकले आणि बाधा झाडात बांधली. नवऱ्याला तिने तीस वर्षं सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच नाही.

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बोलत बोलतच धावले. डावीकडून वाट सरळ होती, पण उपयोग नव्हता. न्हाणीघराला वळसा घालून, गुडघाभर भुग्यातून, सत्तरीच्या पायांनी मी उजवीकडे पोचले आणि दोन्ही हात वर केले. त्याने दांडा सोडला. इंजिन मंदावलं, पण चाक लगेच थांबत नाही. ते फिरत असतानाच टण्‌ असा आवाज झाला आणि पाण्याच्या ड्रमला भोक पडलं.

ड्रम त्याच्या उजव्या हाताला, दोन वितींवर होता.

धर्मपालने जाळी काढली, चष्मा काढला, ड्रमातून निघालेल्या धारेखाली तोंड धुतलं. मग उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला. बहुतेक आपल्याला काय दिसणार होतं ते बघत असावा.

"किती?" त्याने विचारलं.

विनोदिनी दारात आली होती. "सात. शेखरले झटके यायचे तेव्हा ठोकले."

आवाज ऐकून बाहेर आलेला गंगाधर आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं. "तीस वर्षं मले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर ठोकू देल्ले असते का?"

"नाही!"

"मंग?"

"मंग काय मंग? त्याचा डोळा गेला असता ना!"

"माहीत आहे मले," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"काकू, रडू नका, जागा दाखवा," धर्मपाल म्हणाला. झाड वाढलं तरी खिळा ठोकल्या उंचीवरच राहतो. तिने पदराने नाक पुसलं, उकिडवी बसली आणि बोटाने जागा दाखवली. ड्रममध्ये गेलेला एक. छिन्नीने कोरून संध्याकाळपर्यंत पाच निघाले, बोटाएवढे, गंजलेले. सातवा काही सापडेना.

"सहाच असतील," गंगाधर म्हणाला. "तिला कुठे मोजता येतं!"

"एकेक मीच हातात देल्ला होता. सातच."

"चालव रे तू. एवढंसं तर राहिलं."

"नाही, काका."

"अर्धवट सोडून जातो का?"

"हव, सोडून जातो," धर्मपाल म्हणाला आणि पट्टा उतरवू लागला.

तेवढा तुकडा आमच्या बाडीत अजून आहे. गंगाधर त्याला ठेचकाळतो आणि बायकोकडे बघतो. शेखर आज पुण्यात धडधाकट आहे. औषध लागू पडलं असं मी म्हणते. विनोदिनीला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मजुरी घ्यायला आला तेव्हा धर्मपाल मला म्हणाला, "मॅडम, मी अजूनपर्यंत माणसांलेच विचारत होतो. माणसं ड्युटीवर असतात. झाड तर बायांजवळ असते."

आणि बायका परक्या पुरुषाला असल्या गोष्टी सांगत नाहीत. म्हणून आता मीराबाई सोबत येते. घरधनी "नाही" म्हणाला की धर्मपाल "हव" म्हणतो, आणि मीराबाई स्वयंपाकघरात जाऊन बसते. आधी भाजी निवडू लागते. मग पोरांची चौकशी करते, कोण आजारी होतं, कोण वाचलं नाही. घाई करत नाही. ती बाहेर येऊन मान हलवेपर्यंत इंजिन चालू होत नाही. दोनदा तिने नकार दिला आणि ते यंत्र घेऊन परत गेले. घरचे पुरुष गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडत होते.

गेल्या आठवड्यात आमच्या बाडीमागच्या हिरालालकडे कडुनिंबाचा बुडखा होता. मी गच्चीवरून बघत होते. हिरालाल घड्याळ बघत होता, "भैया, कितना टाइम और?" म्हणत होता. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत मीराबाई त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ बसलेली दिसत होती. म्हातारी मीराबाईचा हात धरून बोलू लागली. बाहेर धर्मपाल बुडख्याभोवती फिरत होता. एक फेरी, दुसरी, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर, आणि पुन्हा फेरी.