स्लाइड क्रमांक चार

हॉलमध्ये हशा पिकला आणि मला बरं वाटलं. पडद्यावर स्लाइड क्रमांक चार होती. नववीतल्या एका मुलीच्या वहीचं पान. अक्षरं सुटलेली, ओळी वर चढलेल्या. नावावर मी काळी पट्टी लावली होती. "ही कुठल्या देशाची लिपी, सांगा बघू?" असं मी विचारलं. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असंच काहीतरी विचारत आलो. शिक्षक जागे होतात.

सोलापुरात शिक्षकांना मी डिस्लेक्सियाचं ट्रेनिंग देतो. बुद्धी चांगली, पण ऐकलेला आवाज आणि कागदावरचं अक्षर यांची जोड लवकर बसत नाही, ही ती अडचण. अशी मुलं वर्गात हसण्याचा विषय होऊ नयेत, हेच मी शिकवतो.

चहाच्या सुट्टीत तिसऱ्या रांगेतल्या एक मॅडम माझ्याजवळ आल्या. वळसंगकडच्या शाळेत शिकवणाऱ्या. हातात घडी घातलेला फॉर्म.

"सर, नाव झाकलं तुमी. अक्षर कसं झाकणार? माझ्या पोरीचं हाय ते."

मुलगी शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या शाळेत होती. तिच्या वर्गशिक्षिकेने सल्ल्यासाठी मला तो फोटो पाठवला होता. मी कुणालाच न विचारता तो स्लाइडवर टाकला.

"हा तपासणीचा फॉर्म. तुमच्याकडं द्यायला आणला होता. आता न्हाय देत."

तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळालं की दहावीच्या पेपरला जादा वेळ मिळतो. फॉर्म मीच गोळा करत होतो आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"मॅडम, चूक माझी. तिचं नुकसान नका करू."

"चाळीस मास्तर हसले, सर. उद्या सर्टिफिकेट बघून कोण कोण हसंल?"

विस्तार अधिकारी, म्हणजे आमच्यावरचे साहेब, हॉलमध्येच होते. त्यांना सांगितलं. ते वैतागले.

"नाव दिसत नव्हतं ना? मग झालं की. माफी-बिफी काही नको. नंतर तुमचं ऐकणार कोण?"

पुढचं सत्र सुरू केलं. दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. "मघाचं पान मी पालकांना न विचारता लावलं. तुम्ही हसावं म्हणूनच लावलं," असं सांगून टाकलं. मागून एक वयस्कर गुरुजी म्हणाले, "सर, हसलो आमी बी की." साहेब उठून बाहेर गेले.

मॅडमनी मान वर केली नाही. पाच वाजता फॉर्म टेबलावर ठेवला. सही केलेला.

"हे तिच्यासाठी. तुमच्यासाठी न्हाय. आणि ते पान काढा सगळीकडनं."

फॉर्म मी त्याच संध्याकाळी स्वतः ऑफिसात नेऊन दिला. लॅपटॉपवरून पानही काढलं. पण पीपीटी सकाळीच शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली होती. हे मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मुलीला जादा वेळ मिळाला. ती दहावी पास झाली.

मागच्या महिन्यात मोडनिंबला एका तरुण ट्रेनरचं सत्र बघायला गेलो. त्याने पडद्यावर तेच पान लावलं. हॉल हसला. मी उठून प्रोजेक्टरची वायर काढली.

"काय झालं सर?" तो गोंधळला. "ही तुमचीच स्लाइड की."

मुलाच्या वहीचं पान लावायचं असेल तर आधी पालकांना विचारावं. नंतर माफी मागता येते, पान परत मागवता येत नाही.