बारा नावं, तेरा डोकी

बाहरीनमध्ये वाढलेल्या मुलांकडे सांगण्यासारखे किस्से नसतात, असं माझं ठाम मत होतं. शाळा, मॉल, शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जेवण आणि उन्हाळ्यात भारतात काका-मामांकडे फेरी. यात किस्सा कुठून येणार? मग मी एका कॅम्पला व्हॉलंटियर झाले. कॅम्प होता दहा दिवसांचा, पण किस्से अजून संपत नाहीत. आता इथे बाहरीनमध्ये, सनद भागातल्या आमच्या घरी कुणी आलं, की चहा ठेवता ठेवता आई हळूच म्हणते, "ऋचा, तो चपलांचा सांग ना." तिला स्वतःला त्या किश्श्याची भीती वाटते, म्हणून पाहुण्यांनाही थोडी वाटावी अशी तिची इच्छा असते.

तर ऐका. दोन वर्षांपूर्वी याच इंटरनॅशनल यूथ कॅम्पला मी मुलगी म्हणून गेले होते, म्हणजे मोजली जाणारी. आमची व्हॉलंटियर एक फिलिपिनो ताई होती. बसमध्ये ती आम्हाला एकदा मोजायची, दुसऱ्यांदा मोजायची, मग कपाळावर हात मारून वहीत काहीतरी लिहायची. हिचं गणित कच्चं आहे, असं आम्ही मागच्या सीटवर बसून म्हणायचो. यंदा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मोजायचं काम माझ्याकडे आलं. त्या ताईची मी मनातल्या मनात कितीतरी वेळा माफी मागितली आहे.

*

पहिला दिवस. एअरपोर्टवरून मुलं आणायची होती. माझ्या ग्रुपमध्ये बारा जण, आठ देशांचे. सगळे बसमध्ये बसले, मी खाली दारात उभी राहून काचेतून डोकी मोजली. तेरा.

माझ्याबरोबर दुसरा व्हॉलंटियर होता अद्वैत. इथल्याच सनाबिसचा, वडील बँकेत. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तो इंग्लिशमध्येच देतो. मी म्हटलं, "अरे, एक जास्त येतोय." तो म्हणाला, "यू काउंटेड युवरसेल्फ." मी बसच्या बाहेर उभी आहे, हे मी त्याला दाखवून दिलं. मग त्याने मोजले. तेरा. मग त्याने यादी काढून नावं घेतली. बारा नावं, बारा जणांनी हात वर केले आणि यादी संपली. परत डोकी मोजली. तेरा.

एवढ्यात आमचे कॅम्प लीडर हसनसर आले. बाहरीनीच, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, शिट्टी कायम गळ्यात. आम्ही अडचण सांगितली. त्यांना जराही नवल वाटलं नाही. म्हणाले, "थर्टीन? ओके. मायनस वन. राइट ट्वेल्व्ह. खलास."

दरवर्षी असंच करतात म्हणे. सकाळी आणि झोपताना नावं घ्यायची. अधेमधे नुसती डोकी मोजायची आणि एक वजा करायचा. आम्ही दोघांनी मुकाट्याने बारा लिहिलं. नियम समजला की माणूस प्रश्न विचारायचं सोडून देतो, हे मी तिथे शिकले.

*

कॅम्प होता हिद्दच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका जुन्या शाळेत. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या. स्वयंपाकघर सलमाचाचीच्या ताब्यात. चाची रायगडची कोकणी, नवऱ्याचं इथे हार्डवेअरचं दुकान, वीस वर्षं कॅम्पचं जेवण तीच करते. मी मराठी बोलणारी निघाले म्हणून माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा पडायचा.

चाचीची ताटं मोजायची पद्धत वेगळी. ती एकाला एक म्हणत नाही. "बरकत, दोन, तीन, चार..." असं मोजते. आमच्याकडेही आई तांदूळ मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणते, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटलं. पण चाची आमच्या टेबलावर बारा ताटं मांडून झाली, की तेरावं मांडायची.

"चाची, हे कुणाचं?"

"असतंय गो कुनीतरी. उपाशी कशाला ठेवायचा?"

मला वाटलं, पाहुण्यासाठी ठेवत असेल. दुपारी जेवणं झाल्यावर मी ताटं गोळा करायला गेले, तर तेरावं ताट चाटून-पुसून रिकामं. मी म्हटलं, "मांजर आलं वाटतं." चाचीने ताट माझ्यापुढे धरलं. माशाचे काटे ताटाच्या कडेला एकाशेजारी एक नीट लावून ठेवलेले होते.

"तुज्या घरचा मांजर असा जेवतो काय?" चाची म्हणाली आणि ताट धुवायला टाकलं.

*

तिसऱ्या दिवशी मैदानावर खेळ होते. भर दुपार, झाडाचीसुद्धा सावली नाही, असं लख्ख ऊन. अद्वैत म्हणाला, "फाइंड अ पार्टनर, होल्ड हँड्स." बारा जण, म्हणजे सहा जोड्या. सोपं काम. सगळ्यांनी हात धरले, अद्वैतने जोड्या मोजल्या. सहा. त्याने शिट्टी तोंडात घातली, तेवढ्यात पोर्तुगालचा तोमास हात वर करून पुढे आला.

"आय डोन्ट हॅव अ पार्टनर."

अद्वैतने शिट्टी तोंडातून काढली. मग त्याने पुन्हा जोड्या मोजल्या. तोमासला सोडून सहा. बरं, प्रत्येक जोडीकडे बघावं तर दोन चेहरे ओळखीचेच. कोण नवीन आहे, ते सांगता येईना. मी यादी आणायला पळाले. परत येईपर्यंत जोड्या सुटल्या होत्या, सगळे पाणी प्यायला गेले होते आणि नावांनी ते बाराच होते.

त्या दिवशी अद्वैत माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलला. म्हणाला, "मला घरी जायचंय."

*

आता आईचा आवडता. रोज सकाळी हॉलमध्ये आमच्या ग्रुपचा योगाचा तास असायचा. तो मी घ्यायचे, भारतीय म्हणून माझ्या गळ्यात पडलेला. सगळे चपला बाहेर काढून यायचे. मी मुद्दाम चपला मोजल्या. माणसं हलतात, चपला हलत नाहीत, असा माझा हिशोब.

तेरा जोड. माझा वेगळ्या कोपऱ्यात, तो सोडून.

तेरावा जोड निळा, रबरी, लहान मापाचा. आणि ओला. बाकी सगळ्या चपला कोरड्या, हॉलभोवती फरशी कोरडी, त्या सकाळी समुद्रावर अजून कुणाला सोडलेलंच नव्हतं. त्या चपलांखाली मात्र पाण्याचं छोटंसं थारोळं होतं आणि त्यात वाळू.

मी आत गेले आणि शवासन दिलं. हॉलमध्ये सगळे डोळे मिटून पडलेले. मोजायचं नाही, असं ठरवून मी छताकडे बघत उभी राहिले. तास संपल्यावर सगळ्यांत शेवटी बाहेर आले, तेव्हा तो जोड नव्हता. थारोळं होतं.

*

या सगळ्यात आयगुलबद्दल सांगायचं राहिलं. ती किरगिझस्तानची, सोळा वर्षांची, बुटकीशी, गालांवर कायम लाली. तिच्या देशाला समुद्रच नाही. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर नेलं, तर तिने पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि खारट लागल्यावर माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं पाहिलं. पोहायचा प्रश्नच नव्हता.

एका संध्याकाळी तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिच्या आईला इंग्लिश येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. त्या बाईने आधी आयगुलचं नाव घेऊन काहीतरी विचारलं, मग माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मीही माझ्या छातीवर हात ठेवला. भाषा नव्हती, पण मी काय कबूल केलं ते मला नीट समजलं होतं.

ही गोष्ट मी चाचीला सांगितली. चाची कांदा चिरत होती. म्हणाली, "मग तिला नावानं मोज. डोक्यानं नको मोजू. डोकी काय, कुनाचीबी असतात."

मी हो म्हटलं. आणि विसरले.

*

नववा दिवस, बोटीची सहल. इथे समुद्रात एक वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला वर येतो, भरतीला पार बुडतो. लोक बोटी घेऊन जातात, दोन-तीन तास खेळतात, पाणी चढायच्या आत परततात. पांढरी वाळू, चारी बाजूंना हिरवं पाणी, दूरवर किनारा अंधुक. तुम्ही फोटो पाहिले तर मला नशीबवान म्हणाल.

आमच्या ग्रुपला एक बोट होती. मुलं उतरली, लाइफ जॅकेटं काढून बोटीतच टाकली आणि खेळायला पांगली. आयगुल टोपी घेऊन शिंपले वेचत होती. तीन वाजता पाणी चढू लागलं. हसनसरांनी शिट्टी मारली, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. मुलं ओली, टॉवेल गुंडाळलेली, टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेली, धावत येऊन चढली. प्रत्येकाला जॅकेट सक्तीचं. मी पुढून मागपर्यंत केशरी जॅकेटवरची डोकी मोजली.

बारा.

नऊ दिवसांत पहिल्यांदा. मी अद्वैतला म्हटलं, "तू मोज." त्याने मोजले. बारा. त्याने मला टाळी दिली. मी ओरडले, "सर, ट्वेल्व्ह! बरोबर ट्वेल्व्ह!" हसनसरांनाही हसू आलं. बोट सुटली. मी वहीत बारा लिहिलं. इतक्या दिवसांनी वजाबाकी न करता लिहिलेले बारा, मी त्याखाली रेघसुद्धा ओढली.

पाच-सात मिनिटं गेली असतील. वारा छान होता. मी अजून त्या आकड्याकडे बघत होते. रोज तेरा येत होते, तेव्हा आमचे बारा होते. आज बारा आले. मग आमचे किती?

मी उठून उभी राहिले आणि नावं घ्यायला लागले. तोमास, येस. एकेकाने हात वर केला. आयगुल. कुणी बोललं नाही.

"आयगुल!"

तोमास म्हणाला, "शी इज बिहाइंड मी. आय गेव्ह हर माय टॉवेल जस्ट नाउ, शी वॉज कोल्ड."

सगळ्यांनी मागे पाहिलं. तोमासच्या मागच्या सीटवर टॉवेल होता, भिजलेला. त्याच्यावर केशरी जॅकेट बसलेलं होतं. पडलेलं नाही, बसलेलं. तिन्ही बकलं नीट लावलेली. बघता बघता ते हळूच एका बाजूला कललं.

हसनसरांनी बोटवाल्याला अरबीत काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बोट एवढ्या जोरात वळली की मी पडले. जाताना लागलेली पाच-सात मिनिटं येताना संपेचनात. मला त्या बाईचा छातीवरचा हात दिसत होता. मी देवाचं नाव घेत होते की आयगुलचं, आठवत नाही.

पट्टा बुडाला होता, आमच्या हॉलएवढा उथळ तुकडा तेवढा पाण्याखाली दिसत होता. बाकीच्या बोटी गेलेल्या. आयगुल मधोमध उभी होती, पाणी गुडघ्याच्या वर, शिंपल्यांची टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. ती पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीआड शिंपले वेचत बसली होती. ती बोट निघून गेली, तेव्हा तिला आमचीही दिसेना. अद्वैत आणि हसनसर पाण्यात उड्या मारून तिला घेऊन आले.

मी तिला मिठी मारली. ती थरथरत होती, पण रडत नव्हती. मी रडत होते. ती मोडक्या इंग्लिशमध्ये मला समजावत राहिली, "आय नो यू कम. यू ऑल्वेज काउंट." हे ऐकल्यावर मला तिच्याकडे बघवेना.

तिला तिचं जॅकेट घातलं. ते आतून उबदार होतं. बकलं मी लावली, एक एक ओढून पाहिली. मग सगळ्यांची नावं घेतली, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. बारा नावं, बारा खांदे. आता निघायला हरकत नव्हती.

पण हसनसर शिट्टी हातात धरून माझ्याकडे बघत होते. रोजची सवय. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि डोकी मोजायला सुरुवात केली. एक म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "बरकत," मी म्हटलं. "दोन. तीन. चार." बोटीत कुणी हालत नव्हतं. शेवटच्या सीटपर्यंत पोचले आणि आकडा आला तसा माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यात एवढा आनंद मला कुठल्या आकड्याने दिला नाही.

"हाउ मेनी?" हसनसरांनी विचारलं.

"थर्टीन."

या वेळी ते मायनस वन म्हणाले नाहीत. मी वहीतले बारा खोडले, तेरा लिहिलं, आणि त्यांनी वळून बोटवाल्याला हलक्या आवाजात सांगितलं, "यल्ला."