देठाची गाठ

आमच्या पनवेलच्या दवाखान्यातले सर्जन पोट तपासताना डोळे मिटून घ्यायचे. मी तिथं नर्स होते, पण कामापलीकडे ते कुणाशीच बोलत नसत. जवळच्या ओवे गावच्या एका आगरी बाईला कॅन्सर सांगून मुंबईहून परत पाठवलं होतं. सरांनी तिच्या पोटातली गाठ बराच वेळ चाचपली.

"श्वासाबरोबर हलतेय. यकृताला देठानं लोंबत असावी. रक्त फार जाईल, तरी काढू."

ऑपरेशनमध्ये देठ सापडला. तपासणीत गाठ साधी निघाली.

घरी जाताना बाईनं विचारलं, "डाक्टर, तुमचे घरी कोन हाय? म्हावरा पाठवीन."

"घरी कोणी नाही. इथंच पाठवा."

मासे आले, तेव्हा सर पहिल्यांदाच आमच्यात जेवायला बसले. ताट रिकामं झालं, हात वाळला, तरी उठले नाहीत.