तेल्हाऱ्याच्या मोटारीचा घसा

अकोल्याला उतरलो तेव्हा मनात दोन बेत होते. श्रीधरची मोटार ऐकायची आणि पातूरची लेणी पाहायची. श्रीधर माझा कॉलेजातला मित्र, तेल्हाऱ्याचा शेतकरी. जुनी मोटार दसऱ्यापर्यंत बरी होती, आता सुरू करताना चमत्कारिक आवाज काढते, तुला मोटारींचा नाद आहे तर येऊन ऐक, असं त्यानं कळवलं होतं. घाई होती ती त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. कुसुमला अमरावतीच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली होती. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत ती हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. आणि वडिलांची अट अशी की, पोरगी एसटीनं जाणार नाही. घरच्या मोटारीनं भाऊ सोडून येईल, तरच जाईल.

एसटीतून तेल्हाऱ्याला पोचलो आणि दारातच थबकलो. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, देवापुढे जेमतेम एक पाट मांडण्याइतकी जागा. भाव येईपर्यंत इकडे कापूस घरातच भरतात हे ऐकून होतो. पण घरची माणसं त्याच्या कडेकडेनं राहतात हे आता पाहिलं. रात्री मला झोपायलाही ढिगाचाच कोपरा मिळाला. जेवणात भाकर, वांगी आणि ठेचा होता. ठेच्यानं मला ठसका लागला, तेव्हा श्रीधरची माय (आई) पदर तोंडाला लावून हसली.

शुक्रवारी सकाळी आम्ही अंगणात मोटारीपाशी जमलो. कुसुम नवं पांढरं लुगडं नेसून, ट्रंक घेऊन तयार होती. श्रीधरनं बटण दाबलं. आधी टकटक झालं. बॅटरी उतरलेली, ते मला कळलं. म्हणून हँडल मारायला लावलं, तर आतून गुरगुर आली आणि लगेच घशात घास अडकावा तसा एक दबका हुंकार. प्लग पुसले, पेट्रोल पाहिलं, पुन्हा हँडल मारलं. पुन्हा तोच हुंकार. वडील बाजेवर बसून होते. आता पोरीनं ट्रंक आत न्यावी, असं ते दोनदा म्हणाले. कुसुमनं ट्रंकेवरचा हात काढला नाही.

मी मागे जाऊन धुराच्या नळीपुढे तळहात धरला. वारा म्हणून नाही! नळी तुंबली आहे हे सांगायला मी बाजूला वळलो, तेवढ्यात श्रीधरनं हँडल मारलं. बंदुकीसारखा बार झाला. माझ्या कानाजवळून एक पेटता गोळा गेला आणि थेट ओसरीवरच्या कापसात शिरला.

वर्षाचं पीक! श्रीधर घागर घेऊन धावला, पाणी ओतलं, वरून धूर थांबला. पण वास थांबेना. कापसाची आग आत आत जाते हे मला ठाऊक नव्हतं. कुसुमला होतं. तिनं खांद्यापर्यंत हात खुपसून निखारा झालेला कापूस उपसला आणि तसाच मुठीत धरून हौदाकडे पळाली. उजव्या हाताची कातडी पार सोलवटली होती. मला बघवेना.

"नळीत काय होतं?" मी मायला विचारलं.

"बोळा व्हता कापसाचा," ती रडत म्हणाली. "उंदरं शिरतात म्हणून मीच कोंबला. घरातल्या साऱ्या भोकाइले आमी कापूसच कोंबतो."

एवढ्या गोंधळात एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. मोटार सुरू होती. बोळा उडाल्यावर ती मोकळ्या घशानं चालू लागली होती. श्रीधर ती बंद करायला वाकला.

"बंद नको करू दादा," कुसुम म्हणाली. "आता निघू."

"अन् हाताचं काय?" वडिलांनी विचारलं.

"हात माह्यासंगच येते."

आता वडील तिला घरात बसवणार, अशी माझी खात्री झाली. पण म्हाताऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा (उपरणं) ओला केला, तिच्या हाताला गुंडाळला आणि ट्रंक स्वतः उचलून मोटारीत ठेवली.

अकोट गेलं, दर्यापूर आलं. तिथला चहा खारट लागला. इकडच्या विहिरींचं पाणीच खारं. वाटेत दवाखान्यात हाताला मलमपट्टी झाली. कुसुम काचेबाहेर बघत होती.

शाळा सुटायच्या आत आम्ही अमरावतीत पोचलो. मुख्याध्यापिकाबाईंनी हजेरीपत्रक पुढे केलं. कुसुमनं डाव्या हातात टाक धरला आणि एकेक अक्षर ओढत नाव लिहिलं.

"डावऱ्या आहात का?" बाईंनी विचारलं.

"आजच्यापुरती," कुसुम म्हणाली.

पातूरची लेणी राहूनच गेली. पुण्याला परतल्यावर लोक विचारतात, वऱ्हाडात काय पाहिलंस? मी त्यांना ती सही सांगतो. अक्षरं वाकडी होती, पण एकही अर्धवट नव्हतं.