माझी भक्ती आणि टिल्लू पंप

पाणी यायच्या दिवशी मी इतका धार्मिक व्हायचो की सगळ्या गल्लीला माझं कौतुक वाटायचं.

आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. आमच्या गल्लीत ते आठवड्यानं येतं, पाऊण तास राहतं आणि जातं. पाहुण्यांनी कधी यायचं, गोधड्या कधी धुवायच्या, कुणी डोक्यावरून कधी न्हायचं, सगळं त्या दिवसाकडं बघून ठरतं. त्या पाऊण तासात ज्याच्या नळाला जोर, तो गल्लीचा राजा. माझ्या नळाला जोर होता, कारण त्याच्या तोंडाशी मी टिल्लू पंप बसवला होता. टिल्लू पंप म्हणजे पिशवीत मावेल एवढी मोटर. ती थेट लाईनीतून पाणी ओढते, आणि पुढच्या घरांच्या वाट्याचंही ओढते. म्हणूनच तिला बंदी आहे, आणि म्हणूनच माझी मोटर न्हाणीघरात पालथ्या टबाखाली राहायची.

टबानं मोटर झाकली, पण आवाज झाकेना. शेवटी मला एक युक्ती सुचली. आमच्या चर्चच्या मंडळीच्या गायनात मी तीस वर्षं आहे. देवानं मला आवाज भरपूर दिला, सूर पाठवताना मात्र जरा हात आखडता घेतला. नळानं पहिली गुळणी टाकली की मी बटण दाबायचो आणि न्हाणीघरात उभा राहून देवाच्या स्तुतीची गीतं सुरू करायचो. मोटर साधारण काळी दोनमध्ये घरघरायची, मीही काळी दोनच लावायचो. सगळी कडवी म्हणायचो, ध्रुवपद दोनदा. टाकी भरेपर्यंत स्तुती थांबवायची सोय नव्हती.

"अहो, त्या मोटरीचा बाप्तिस्मा तेवढा उरकून घ्या," बायको म्हणायची. "इतकी गाणी तर आपल्या मंडळीतल्या माणसांनीसुद्धा ऐकली नसतील."

"तूच म्हणत होतीस ना, पाणी पुरत नाही?"

"पुरत नाही म्हणाले. चोरा नव्हते म्हणाले."

चोरी हा शब्द मला खटकायचा. चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, मंडळीच्या पंच कमिटीत बसणारा माणूस चोरी कशी करेल? शिवाय पापाची कबुली मी दर रविवारी देतच होतो. ती आम्ही सगळे उभे राहून एका सुरात देतो. त्या एका सुरात कुणाचं कुठलं पाप आहे ते देवाशिवाय कुणाला कळत नाही, आणि देव काही गल्लीत येऊन बोलत नाही. फार सोयीची व्यवस्था आहे ती.

माझ्या पुढचं, म्हणजे लाईनीतलं शेवटचं घर बाईंचं. बाई पाचोडच्या शाळेत मास्तरीण होत्या. आता निवृत्त होऊन इथं राहतात. त्यांचा आवाज असा की आठवडी बाजाराच्या गलक्यातही मुलं चळाचळा कापत असतील. त्या बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. सकाळी फाटकाशी गाठ पडली की मी सलाम म्हणायचो, त्या जय भीम म्हणायच्या, आणि मग दोघं मिळून नळाला शिव्या द्यायचो. मी जरा जास्तच द्यायचो.

गेल्या साली बाईंची लेक बाळंतपणाला आली. बाळ महिन्याचं झालं. लंगोट, दुपटी, बाळंतिणीची अंघोळ, सगळ्याला पाणी हवं, आणि बाईंच्या नळातून नुसती हवा यायची. एका पाण्याच्या दिवशी त्या रिकामी कळशी घेऊन दारात आल्या.

"सर, तुमच्याकडं तरी येतंय का पाणी?"

"कुठलं हो बाई," मी म्हणालो. "करंगळीएवढी धार आहे."

आमची टाकी तेव्हा गळ्यापर्यंत भरली होती. पण मी काही दगडाच्या काळजाचा नाही. मी आत जाऊन दोन बादल्या पाणी आणून दिलं. बाईंचे डोळे भरून आले. "स्वतःला नसताना देता सर तुम्ही," त्या म्हणाल्या. मीही जरा भारावलो. बाईंच्याच वाट्याच्या पाण्यातून दोन बादल्या बाईंना देऊन मी दानशूर झालो होतो, आणि त्याच भरात म्हणालो, "एकदा या ना आमच्या उपासनेला." आपण चहाला या म्हणतो, तसं. येतं कोण?

बाई आल्या. पुढच्याच रविवारी.

पाळकसाहेबांचा घसा बसला होता, म्हणून उपदेश माझ्याकडं होता. विषय आधीच ठरलेला: विहिरीवर पाणी भरायला आलेली परक्या जातीची बाई, आणि तिच्याकडं पाणी मागणारा तहानलेला येशू. मी असा काही बोललो म्हणता! शिष्य होणं म्हणजे नुसतं नाव लावणं नव्हे, म्हणालो. शेजाऱ्याच्या घशाला कोरड असताना ज्याच्या घरात पाणी आहे, त्यानं विश्वासाच्या गोष्टी सांगू नयेत, असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. चौथ्या बाकावर पांढऱ्या साडीत बसलेल्या बाई मान डोलवत होत्या. पहिल्या बाकावर बायको पंख्याकडं बघत होती.

उपदेशानंतर आमच्याकडं प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी. बाईंनी हात वर केला आणि उभ्या राहिल्या.

"मी तुमच्या धर्माची नाही. पण सर बोलले ते पटलं मला. माझी लेक बाळंत होऊन घरी आलीय आणि आमच्या नळाला पाणी नाय. म्हणजे सुरुवातीला येतं बघा. पण सर गाणं म्हणायला लागले की जातं. मधी त्यांनी श्वास घेतला तरी येत नाय. पार गाणी संपली की मग थेंबभर येतं. आता ह्याच्यात देवाचा काही संबंध असंल, तर तेवढं विचारून घ्या."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पाळकसाहेब बसक्या घशानं म्हणाले, "सर, ही प्रार्थना तुम्हीच करा."

मी आजवर परीक्षांसाठी, मुतखड्यांसाठी, हरवलेल्या शेळीसाठीसुद्धा प्रार्थना केलीय. पण इतकी जपून कधी केली नव्हती. डोळे मिटले आणि सवयीनं म्हणालो, "हे प्रभू, तू सगळं जाणतोस..." लगेच लक्षात आलं, सुरुवातच चुकली. तो सगळं जाणत असेल, तर टबाचा काय उपयोग? मग जरा वळसा घेतला. "ह्या भगिनीच्या पाण्याच्या वाटेत जो काही, म्हणजे जो काही अडथळा असेल, तो तू..."

"आमेन!" पहिल्या बाकावरून बायको इतक्या जोरात म्हणाली की माझं वाक्य अर्धंच राहिलं.

फाटकाशी स्कूटरवरून उतरल्यावर बायको एवढंच म्हणाली, "देव काढणार आहे का तुमचा अडथळा, का पान्हा आणून देऊ?"

मंगळवारी मी मोटर काढली. गुपचूप काढली, माळ्यावर टाकली, हात धुतले. पश्चात्ताप पूर्ण झाला, कुणाला कळलं नाही, अब्रू शाबूत. इतक्या स्वस्तात सुटलेला पापी मंडळीच्या इतिहासात दुसरा नसेल, असं वाटून मला जरा बरंच वाटलं.

मग पाण्याचा दिवस उजाडला. मी तोंड मिटून बादलीपाशी बसलो. दहा मिनिटांत पलीकडून आरोळी आली.

"आलं! सर, आलं हो पाणी! तुमच्या प्रार्थनेनं आलं!"

बाई डब्यात बाळंतिणीचे डिंकाचे लाडू घेऊन आल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी, पण त्यात लाडू गेला. नंतर दुसरा गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीत माझा बोलबाला झाला. एकानं तुंबलेल्या ड्रेनेजसाठी प्रार्थना मागितली, एकीनं नवऱ्याच्या बदलीसाठी. कोपऱ्यावरचे रिक्षावाले चाचा हात जोडून म्हणाले, "सर, हमारे बोअर पे भी जरा हाथ रख दो ना, तीन साल से सूखा पडा है." आणि पाळकसाहेबांचा फोन आला. घसा सुटला होता.

"सर, केवढी मोठी गोष्ट! बाहेरच्या बाईंना प्रभूनं आपल्या प्रार्थनेतून पाणी दिलं. रविवारी मंडळीपुढं उभं राहून त्याची साक्ष द्या तुम्ही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो.

साक्ष लिहायला बसलो. पहिलं पान झकास झालं. लेक, बाळ, कोरडा नळ, मंडळीची कळकळ. मग आलं, 'प्रार्थना केली आणि नळाला पाणी आलं.' ह्या दोन गोष्टींच्या मधे मंगळवार होता, पान्हा होता, माळा होता. ते गाळलं की मी संत होत होतो. घातलं की पंच कमिटीतून जात होतो, आणि गल्लीतूनही. आतापर्यंत मी बाईंचं पाणी चोरलं होतं. आता देवाच्या नावावर खोटं खपवायचं होतं, तेही माईकवरून. मोटर काढून मी फक्त पाणी सोडलं होतं. खोटं मात्र जसंच्या तसं चालू होतं, उलट त्याचा जोर वाढला होता.

बायकोनं कागद वाचला. चिडली नाही. म्हणाली, "मंडळीत काय सांगायचं ते नंतर ठरवा. आधी बाईंकडं जा."

गेलो. पाच वाजले होते, बाई अंगणात लंगोट वाळत घालत होत्या.

"बाई, त्या प्रार्थनेत जरा एक चूक झालीय."

"कसली? अर्ज चुकीच्या खात्यात गेला का?"

"माझ्या न्हाणीघरात मोटर होती. दोन वर्षं. मंगळवारी काढली, म्हणून तुम्हाला पाणी आलं."

बाईंचे हात दोरीवरच थांबले. "आणि गाणी?"

"मोटरीचा आवाज झाकायला."

"म्हणजे मी चोराला लाडू खाऊ घातले."

"व्हय," मी म्हणालो. कंपनीतल्या तीस वर्षांत शिकलेलं शुद्ध 'हो' कुठं गेलं कोण जाणे.

बाई हसतील अशी मला थोडी आशा होती. त्या हसल्या नाहीत. "लेक दवाखान्यातून आली त्या आठवड्यात मी टँकरच्या रांगेत उभी होते, सर. ह्या गुडघ्यांनी. तुम्ही तवा गात होता. मी लेकीला म्हणलं, ऐक, किती श्रद्धेनं गातात."

ह्यावर मला विनोद सुचला नाही. अजूनही सुचत नाही. मी माफी मागितली.

"माफीचं बघू," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी प्लंबर येणार होता, ठाऊक आहे का? एका आमेननं नळ सुरू होतो म्हणजे लाईनीत काहीतरी भानगड आहे, एवढं कळतं मला. मी चमत्कारावर बसून राहणारी बाई नाय."

म्हणजे माझी कबुली प्लंबरच्या फक्त एक रात्र पुढं होती. प्लंबर नसता तरी मी गेलोच असतो, हे मी स्वतःला बऱ्याचदा बजावतो. पण उद्या येणारा प्लंबर आधी कळला असता तर मी त्यालाच आधी गाठलं असतं का, हे मला सांगता येत नाही, आणि ते न सांगता येणं मला बरं वाटत नाही.

"रविवारी मी येते," बाई म्हणाल्या. "त्या लोकांसमोर हात वर करून मी मागणं मागितलं होतं. त्यांना खरं काय ते सांगा."

रविवारी मी तीन मिनिटं बोललो. टेबलावर मूठ आपटली नाही. बोलून संपलं तरी कुणी आमेन म्हणेना. चार-पाच जण स्वतःच्या चपला निरखायला लागले, आणि पालथे टब आणखी कुठंकुठं आहेत ते मला कळलं. पाळकसाहेब उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले आणि म्हणाले, "आता आपण दान गोळा करू या." बाहेर आल्यावर पंच कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी माझा हात दाबला. "हिंमत लागते हो. शिष्य म्हणवून घ्यायचं तर हेच करावं लागतं." मग जवळ येऊन हळूच विचारलं, "मोटर माळ्यावरच आहे ना? चालू स्थितीत आहे?"

बाई फाटकाशी उभ्या होत्या.

"सर, यापुढं पाण्याच्या दिवशी पहिला अर्धा तास तुमचा नळ बंद. मग उरलं तर तुमचं."

"किती दिवस बाई?"

"नात चालायला लागेपर्यंत."

"आणि माफी?"

"ती पण तवाच बघू."

बाईंच्या जावयाची बदली इकडंच झाली, त्यामुळं नात इथंच वाढतेय. दर आठवड्याला अर्धा तास मी कोरडी बादली घेऊन बसतो, मग चार बादल्या मिळतात. बायको म्हणते, पुरतात. पंच कमिटीनं माझ्याबद्दल अजून निर्णय घेतलेला नाही. बैठकीला कोरमच होत नाही म्हणे. नात आता दहा महिन्यांची झालीय, खुर्चीला धरून उभी राहते. परवा मी तिचे दोन्ही हात धरले आणि "चल, चल बेटा" म्हणत अंगणात पाऊल टाकायला लावत होतो, तेवढ्यात ओसरीवरून पाचोडच्या शाळेतला तो आवाज आला.

"सर! सोडा तिला. तिच्या वेळेनं चालू द्या."